गुरुजींना निरोप दिला

अन्यायालाही काही माप असतं. शेजाऱ्याचा नळ आपल्या भिंतीत गळला किंवा बसमध्ये कोणी पायावर पाय दिला, तर माणूस दोन शब्द बोलतो आणि सोडून देतो. पण चौथीच्या गुरुजींच्या बाबतीत जे झालं ते सोडून देण्यातलं नव्हतं. ऐका आणि तुम्हीच काय ते ठरवा.

त्या प्राथमिक शाळेतून आजवर जो जो निवृत्त झाला, त्याला निरोप दिला तो गुरुजींनी. सरकारी कागदाने माणूस नुसता मोकळा व्हायचा. खरा निवृत्त व्हायचा तो गुरुजींचं भाषण झाल्यावर. भाषण एकच होतं. नाव बदलायचं, बाई असेल तर क्रियापदं बदलायची, की झालं. एकदा रखवालदाराच्या समारंभात ते बदलायचं राहून गेलं, आणि भर सभेत त्या मिशाळ माणसाला गुरुजी 'ही माउली' म्हणून गेले. पण रखवालदाराच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, त्याअर्थी भाषण चांगलंच असणार.

आता अशा माणसावर स्वतः निवृत्त व्हायची वेळ आली तर शाळेने काय करायला हवं होतं? निदान कुजबुज तरी? छे! महिना उरला, पंधरवडा उरला, तरी शाळा आपली मूग गिळून गप्प. गुरुजी शिक्षकखोलीत शिरले की कोणी बोलणं थांबवत नव्हतं, कागद लपवत नव्हतं, काही नाही. आपल्यामागे काहीच चाललेलं नाही हे पाहून त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अहो, मग सरळ विचारा ना मोठ्या बाईंना," बायको म्हणाली, "माझ्या निरोपाचं काय ठरलंय म्हणून."

"विचारू? मी? उद्या म्हणशील, पोरांना टाळ्या कधी वाजवायच्या तेही सांगून ठेवा!"

"त्या नव्या आहेत हो शाळेत. राहून गेलं असेल डोक्यातून."

"राहून जायला मी काय छत्री आहे?" गुरुजी कडाडले. बायकोने त्यांचा ठेवणीतला सदरा इस्त्री करून दाराच्या खुंटीला लावून ठेवला.

समोरच्या घरात अण्णा राहत. ते विमा कचेरीतून निवृत्त झालेले, आणि स्वतःच्या निरोप समारंभाचा फोटो त्यांनी रस्त्यावरून दिसेल अशा बेताने भिंतीवर टांगलेला. सल्ला द्यायला अण्णांना बोलवावं लागत नसे. ते चपला घालूनच बसलेले असत.

"गुरुजी, तुम्ही फार भोळे," अण्णा म्हणाले. "कोणीच काही बोलत नाही म्हणजे काय? म्हणजे फार मोठं काहीतरी आहे! माझ्या वेळी हेच. शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. तुम्ही आपलं काही माहीत नसल्यासारखं वागा. आणि रुमाल दोन ठेवा, एक घामाला आणि एक डोळ्यांना. मी एकच ठेवला होता, फोटोत दिसतं ते."

एवढ्यावर गुरुजींचा चेहरा खुलला. त्या दिवसापासून ते आरशासमोर उभे राहून "मला खरंच काही कल्पना नव्हती" हे वाक्य बसवू लागले. ते सोपं नव्हतं. भुवया फार वर गेल्या की नाटकी वाटायचं, आणि नाही गेल्या तर खरोखरच कल्पना नसल्यासारखं बावळट दिसायचं.

मधल्या काळात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, प्रशिक्षणाला परगावी गेल्या होत्या. त्या नसताना एका सकाळी शाळेचे कारकून भाऊसाहेब चौथीच्या दारात आले. गुरुजी फळा पुसत होते, डोळ्यांत खडूची भुकटी गेली होती.

"गुरुजी, बाईंचा निरोप आहे. जायच्या आधी वर्गाच्या कपाटाची किल्ली जमा करा."

"बरं," गुरुजी डोळे चोळत म्हणाले. भाऊसाहेब गेले. एवढीच गोष्ट, पण लक्षात असू द्या.

प्रशिक्षण आटोपून मोठ्या बाई परत आल्या आणि त्यांनी गुरुजींना खोलीत बोलावलं. चेहरा उतरलेला, आवाज मऊ. डाव्या खिशातला रुमाल गुरुजींनी चाचपला.

"गुरुजी, तुमच्या वेळी मी नव्हते," बाई म्हणाल्या. "मनाला फार लागलं मला."

गुरुजी तीस-पस्तीस वर्षं मागे गेले. ते शाळेत लागले त्या वेळी ही बाई नव्हती, हे खरंच होतं. पण त्यात मनाला लागण्यासारखं काय?

"अहो, माझ्या वेळी तुम्ही पाळण्यात असाल!" ते हसत म्हणाले.

बाईंना वाटलं, बिचारे दुःख हसण्यावारी नेताहेत. "तुम्ही मोठ्या मनाचे आहात," त्या म्हणाल्या. "आता एक करा. तुमच्याबरोबर मावशीही निवृत्त होताहेत. त्यांचा समारंभ तुमच्या हातून होऊ दे. शेवटच्या दिवशी घेऊ."

गुरुजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मावशींचं हे नुसतं निमित्त! अण्णा म्हणाले ते अक्षरशः खरं. समारंभाची तयारी ज्याची त्याच्याच हातून करून घ्यायची आणि आयत्या वेळी त्यालाच खुर्चीत बसवायचं, काय पण युक्ती! "मला कल्पना आहे," असं ते म्हणणार होते. पण सावरले आणि म्हणाले, "मला खरंच काही कल्पना नव्हती." भुवया अगदी बेताच्या गेल्या.

मावशी म्हणजे शाळेच्या मावशी. गुरुजी आणि त्या एकाच वर्षी लागलेल्या. झाडणं, घंटा, चहा आणि पहिलीतल्या पोरांची नाकं ही सगळी त्यांची खाती. पोट दुखतंय म्हणून खोटं सांगणारं पोर मावशींनी नुसतं बघितलं तरी बरं व्हायचं. गुरुजींनी त्यांना समारंभाचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला कशाला खुर्चीत बसवता? मग चहा कोण करील?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच येऊन विचारलं, "खुर्ची हातांची असेल ना?"

"दोन मागवतोय हातांच्या," गुरुजी म्हणाले.

"दोन कशाला? मी एकटीच तर आहे."

"असू द्या," गुरुजी गूढ हसले.

आणि इथून घोडं अडायला सुरुवात झाली. भाऊसाहेबांनी नियम काढला की सभागृह फक्त शिक्षक आणि पाहुण्यांसाठी; मावशींच्या दर्जाच्या कर्मचाऱ्यांना निरोप शिक्षकखोलीत द्यायचा, आणि तोही मधल्या सुट्टीत. गुरुजी भडकले. "साऱ्या गावाची नाकं जिने पुसली, तिला शिक्षकखोलीत? रजिस्टरांच्या गठ्ठ्यांमध्ये? शेंडी तुटो की पारंबी तुटो, समारंभ सभागृहातच होईल!" शिक्षकवर्ग थक्क झाला. मावशींबद्दल गुरुजींना इतकं वाटत असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. त्या संतापात मावशी किती आणि गुरुजी किती, हे विचारायची इथे गरज नाही.

परवानगीसाठी गुरुजी स्वतः शिक्षण कचेरीत गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला. "सत्कारमूर्तीचं पद काय लिहिलंय हे? मावशी? मावशी हे नातं झालं. पद लिहा."

"सेविका."

"मग सभागृह मिळत नाही."

"आणि शिक्षक लिहिलं तर?"

"मग त्या शिक्षक आहेत असा दाखला लागेल."

"अहो, पण त्या निवृत्त होताहेत!"

"तेच म्हणतोय मी. आता या वयात कशाला शिक्षक करता त्यांना?"

गुरुजींनी खिडकीचे गज धरले. तेवढ्यात आतल्या साहेबांना दया आली. ते म्हणाले, निरोप बिरोप काही लिहू नका, 'मुलांचा सांस्कृतिक कार्यक्रम' लिहा, लगेच देतो सभागृह. दिलंही. पण आता सांस्कृतिक कार्यक्रम करणं आलं. चौथीच्या पोरांना सुरात येणारं गाणं एकच होतं, ते म्हणजे तपासणीला साहेब येतात तेव्हाचं स्वागतगीत. नवं बसवायला दिवस नव्हते. निरोपाच्या समारंभात "आलात आपण, धन्य झालो" म्हणायचं ठरलं.

फलक रंगवणाऱ्याने विचारलं, "नाव काय घालू?" गुरुजी विनयाने म्हणाले, "नावं नकोत. नुसतं 'निरोप समारंभ' लिहा, म्हणजे सगळ्यांनाच चालेल." त्याने अक्षरं एवढी टपोरी काढली की 'भ' मावेना. तो त्याने खालच्या ओळीत एकटाच काढला, आणि भोवती फुलं काढून सजवला. माइक भाऊसाहेबांच्या ताब्यात होता. तो द्यायला हरकत नव्हती, पण त्याची वायर पहिलीच्या वर्गात कपडे वाळत घालायला बांधलेली निघाली.

"घरच्यांना कसं बोलावतात?" आदल्या दिवशी बायकोने अण्णांना विचारलं.

"गाडी पाठवतात! आयत्या वेळी," अण्णा म्हणाले. "तुम्ही आवरून दारात बसा फक्त."

समारंभाचा दिवस उजाडला. सभागृहात पोरं गच्च बसली. मंचावर मधोमध मोठ्या बाई, त्यांच्या उजवीकडे हातांच्या खुर्चीत मावशी. अंगावर नवे कपडे, केस चापून बसवलेले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर असे ठेवलेले की कोणी ओढून नेईल. डावीकडची हातांची खुर्ची रिकामी. गुरुजी खाली माइकजवळ उभे होते, कारण सूत्रसंचालन त्यांचंच. आता हाक येईल, मग हाक येईल. "नाही, नाही, मी कसला," असं दोनदा म्हणून तिसऱ्यांदा उठायचं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात भाऊसाहेब आले, मंचावर चढले आणि त्या खुर्चीत बसले. आयत्या बिळावर नागोबा!

"भाऊसाहेब," गुरुजी दातओठ खात कुजबुजले, "ती खुर्ची..."

"झकास आहे," भाऊसाहेब म्हणाले. "पाठीला बरं वाटतं."

गाणं झालं. "आलात आपण" म्हणून पोरांनी मावशींचं दणदणीत स्वागत केलं. पुष्पगुच्छ झाला, भिंतीवरचं घड्याळ देऊन झालं. गुरुजींचं भाषण झालं, पण त्यांचा एक डोळा सारखा खुर्चीकडे. त्या नादात मावशींच्या जागी त्यांनी दोनदा 'भाऊसाहेब' म्हटलं, आणि भाऊसाहेबांनी दोन्ही वेळा उठून नमस्कार केला.

शेवटी मोठ्या बाई समारोपाला उभ्या राहिल्या. "मावशींबरोबर आपले गुरुजीही आज निवृत्त होत आहेत," त्या म्हणाल्या. गुरुजींनी भुवया तयार ठेवल्या. "त्यांना निरोप आपण मागेच दिला आहे. तरीही मनात काही न ठेवता आज ते मावशींसाठी राबले, याबद्दल त्यांचे आभार. समारंभ संपला."

"कोणी दिला?"

माइक गुरुजींच्याच हातात होता. त्यामुळे प्रश्न मागच्या भिंतीवर आपटून परत आला.

"अं? काय?" बाई दचकल्या.

"निरोप! मला! कोणी दिला, कधी दिला, कुठे दिला? मी होतो का तिथे?"

"अहो, मी प्रशिक्षणाला गेले तेव्हा भाऊसाहेबांना सांगून गेले होते ना, गुरुजींना निरोप द्या म्हणून! परत आल्यावर विचारलं, दिला का? म्हणाले, दिला. मी विचारलं, गुरुजी काय म्हणाले? म्हणाले, 'बरं' म्हणाले आणि डोळे पुसत होते."

सगळ्या सभेने भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाले, "दिला की! किल्लीचा. बाई, तुम्ही म्हणालात निरोप द्या. मी विचारलं कसला, तर म्हणालात, जाणाऱ्या माणसाला देतात तो, मी काय सांगायला हवं? आता जाणाऱ्या माणसाकडून ऑफिसला काय लागतं? किल्ली लागते. माझं काय चुकलं?"

'ध'चा 'मा' करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे काना-मात्राही बदलली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना निरोप देणाऱ्या माणसाला निरोप मिळाला होता तो कपाटाच्या किल्लीचा, आणि वर त्याने त्याला 'बरं' म्हटलं होतं!

मोठ्या बाई लालेलाल झाल्या. "गुरुजी, सोमवारी आपण..."

"सोमवारी मी या शाळेचा कोण? फाटकावर नाव लिहून आत येऊ?"

"मग आत्ताच! बोला कोणीतरी गुरुजींबद्दल दोन शब्द."

शिक्षकांनी माना खाली घातल्या. बोलणार कोण? इतकी वर्षं सगळ्यांच्या वतीने गुरुजीच बोलत आले होते. बाकीच्यांच्या जिभेला ती सवयच नव्हती. तिसरीच्या बाई उठल्या, "गुरुजी म्हणजे..." म्हणाल्या आणि बसल्या. तेव्हा मोठ्या बाईंनी काय करावं? त्या चक्क म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्याइतकं छान दुसऱ्या कोणाला जमणार? स्वतःबद्दल तुम्हीच चार वाक्यं बोलता का?"

आता सांगा! जखमेवर मीठ चोळतात ते याहून काय वेगळं? गुरुजींनी माइक टेबलावर आदळला. "नको मला तुमचा निरोप! जातो मी असाच!" त्यांचा आवाज चिरकला, आणि तो रागाने चिरकला नव्हता हे पुढच्या रांगेतल्या पोरांनाही कळलं. ते दाराकडे वळले.

"थांबा तिथेच!"

मावशी उठल्या होत्या. "माझा कार्यक्रम आहे ना हा? मग माझ्या कार्यक्रमातून कोणी पाय आपटत जायचं नाही. भाऊसाहेब, उठा त्या खुर्चीतून. गुरुजी, बसा."

मावशींचा तो आवाज पोट दुखणाऱ्या पोरांसाठीचा होता. भाऊसाहेब उठले. गुरुजी बसले. मावशींनी माइक उचलला, उलटा धरला, पोरांनी ओरडून सांगितल्यावर सुलटा केला.

"मी बोलते यांच्याबद्दल. पुष्कळ साठलंय माझ्यात," मावशी म्हणाल्या. "पोरांनो, या शाळेत सगळ्यात घाणेरडा वर्ग कुठला?"

"चौथीऽऽ!" पोरं एका सुरात.

"उकिरडा!" मावशी म्हणाल्या. "इतकी वर्षं मी उकिरडा झाडत आले."

गुरुजी ताडकन उठले. "मावशी! भर सभेत माझ्या वर्गाला..."

"खाली बसा. दुसऱ्या वर्गांत दोन फटकारे मारले की केर निघतो. पोरं हाताची घडी घालून बसलेली, केर येणार कुठून? आणि यांच्याकडे? माती, पिसं, बिया, डिंक, कागदाचे कपटे! एकदा टेबलावर जिवंत बेडूक! मी किंचाळले तर हे मलाच म्हणतात, मावशी, ओरडू नका, तो घाबरेल!"

"घाबरलाच होता तो!"

"आणि मी? आणि ते पाणी? भरलेला पेला डोक्यावर उलटा करून दाखवत होतात, तो सगळा वर्गभर सांडला!"

"हवेचा दाब शिकवत होतो मी! तुम्ही मधेच फडकं घेऊन शिरलात म्हणून हात हलला!"

"मी नसते शिरले तर वह्या भिजल्या असत्या सगळ्यांच्या!"

पोरं बाकांवर उभी राहून टाळ्या पिटत होती. मोठ्या बाईंनी त्यांना गप्प करायला हात वर केला आणि तसाच ठेवला.

"रोज घरी जाताना मी म्हणायचे," मावशी म्हणाल्या, "एकदाचा हा माणूस निवृत्त होऊ दे, सुटेन मी. आता सुटले. तुमच्या वर्गात कोणीतरी टापटिपीची बाई येईल. सगळं लख्ख राहील." त्या थांबल्या. "मला ते काही बरं वाटत नाहीये, गुरुजी. फार वाईट वाटतंय."

गुरुजींकडे दोन रुमाल होते. त्यांना एकही सापडेना.

"मावशी," ते शेवटी म्हणाले, "तो बेडूक मी त्याच दिवशी तळ्यावर नेऊन सोडला होता."

"माहितीये. डबा कोणी दिला होता? तो अजून परत दिला नाहीत."

गुरुजी घरी आले तेव्हा बायको आवरून दारातच बसलेली होती. "गाडी आलीच नाही हो," ती म्हणाली. "झाला का निरोप?"

"झाला."

"कोण बोललं?"

"मावशी."

"काय म्हणाल्या?"

"उकिरडा म्हणाल्या! साऱ्या शाळेसमोर, माइकवरून, माझ्या वर्गाला उकिरडा!"

समोरच्या दारातून अण्णा धावतच आले. "अरेरे! हा तर धडधडीत अपमान झाला. लेखी तक्रार करा गुरुजी, मी मजकूर सांगतो. माझ्या वेळी पाचजण बोलले, पण एकाने वावगा शब्द काढला असेल तर शपथ!"

"काय म्हणाले ते पाचजण?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणाले, हसतमुख होते. मनमिळाऊ होते. कामाला वाघ होते."

"पाचही?"

"पाचही."

"त्यातला एक तरी कधी तुमच्यावर चिडला होता का हो, अण्णा?"

अण्णांनी पाचही बोटं एकेक करून मोजून पाहिली. मग रस्ता ओलांडून घरात गेले.